बाजारात परत दिलेली माळ

ती घटना आजही आठवली की आधी लाज वाटते आणि मग मन प्रसन्न होतं. कापसाची ती पडती वर्षं होती. मी फौजदार होतो त्या पोलीस ठाण्यातलं अकस्मात मृत्यूचं रजिस्टर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी भरत चाललं होतं, त्यामुळे दिवाळीनंतर साध्या चोरीची तक्रार आली तेव्हा मला खरं तर हलकं वाटलं.

तक्रारदार निवृत्त गुरुजी, जुन्या नाण्यांचे शौकीन. रोमन राजाचा चेहरा असलेलं त्यांचं चांदीचं नाणं घरातून गेलं होतं. आपल्याकडच्या सुती कापडाच्या बदल्यात दोन हजार वर्षांपूर्वी अशी चांदी इकडे यायची, हे त्यांनी फिर्याद लिहून देता देता मला शिकवलं. आता त्याच कापसाला कुत्रं विचारत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी खबर आली. बोरी अरबच्या बाजारात बंजारा तांड्यावरच्या एका आजीच्या गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ होती आणि तिच्यात तसंच नाणं होतं. मी तडक गेलो आणि भरबाजारात माळ जप्त केली. तांड्यावरची म्हटल्यावर माझं मत आधीच ठरलं होतं, हे कबूल करतो.

ठाण्यात गुरुजी नाणं पाहताच ओरडले, "हेच ते!"

"तुमच्या नाण्याला भोक होतं?" मी विचारलं.

"नव्हतं. हिनंच पाडलं असेल."

आजी शांतपणे म्हणाली, "माह्या मायची माळ आहे. चोरी कायले करू? नवं भोक दोरा कापते, गुरुजी. याच्यात नख फिरवून पाहा."

गुरुजींनी नख फिरवलं, मग भिंग लावलं. दोऱ्यानं घासून घासून भोक वरच्या बाजूला लांबट झालं होतं, कडा गुळगुळीत. आठवड्याभरात असं होत नाही. त्यांचा चेहरा उतरला. माणूस चांगला, त्यांनी खोटं रेटलं नाही.

मग त्यांच्या घराची नीट झडती घेतली, जी आधीच घ्यायला हवी होती. नाणं देव्हाऱ्यात सापडलं. त्यांच्या पत्नीनं ते लक्ष्मीपूजनासाठी चिंच-राखेनं घासून चकचकीत केलं होतं.

"काळंकुट्ट कसं ठेवू लक्ष्मीपुढं? अन् मले कोणी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या. गुरुजी कपाळाला हात लावून बसले.

माळ परत करायला तांड्यावर गेलो आणि पावतीवर आजीचा अंगठा मागितला. तिनं हात मागे घेतला. "नेली भरबाजारातून, तं द्या बी भरबाजारातच."

पुढच्या बाजाराला मी गणवेशात गेलो. चूक माझी होती, असं मोठ्यानं सांगून माळ तिच्या हाती दिली. गुरुजींनीही सगळ्यांसमोर माफी मागितली. आजीनं माळ गळ्यात घातली, गर्दीकडे एकदा पाहून घेतलं आणि मगच अंगठा उठवला. नोकरीत बक्षिसं मिळाली, पण अब्रू जिथून नेली तिथंच परत द्यायची असते, हे मला त्या माऊलीनं शिकवलं.