काशिनाथच्या गाडीचे शॉकअप

माझी शेवटची पोस्टिंग इंदिरानगर, नाशिक. ही फौजेने दिलेली नाही, बायकोने दिलेली आहे. इथे रजा नाही, बदली नाही. सकाळी दूध आणायचं, पाणी आलं की टाकी भरायची आणि सोसायटीत कोणी गाडी वाकडी लावली असेल तर त्याला खाली बोलावून सरळ लावायला सांगायचं. हे तिसरं काम मला कोणी दिलेलं नाही. पण कोणीतरी करायला नको?

मी एमटीचा सुभेदार. एमटी म्हणजे फौजेतल्या गाड्या, त्यांचे ड्रायव्हर, त्यांचं डिझेल आणि त्यांची भांडणं. शाळेत व्याख्यानाला बोलावतात तेव्हा पोरं विचारतात, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?" मी सांगतो, "मी पंक्चर काढली." पोरांची तोंडं बघण्यासारखी होतात. अरे बाबांनो, वर चौकीवर गोळी पोहोचते ती गाडीने, पीठ पोहोचतं तेही गाडीने. ते कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

काशिनाथ गावित माझ्या हाताखाली ड्रायव्हर होता. लान्स नाईक. सुरगाण्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. उंची बेताची, त्यामुळे सीटवर उशी ठेवून बसायचा. पण पहाडी रस्त्यावर त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. खोड एकच. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं की त्याला गाडी लागायची. दोन वळणं झाली की डोकं खिडकीबाहेर. अख्खी कंपनी हसायची. तो म्हणायचा, "साहेब, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण पोटाला ड्रायव्हर कळतो."

एका सकाळी कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, निघाला. त्याची गाडी माझ्या पुढे होती. रेडिओवर त्याचा आवाज आला, "साब, ऊपर पत्थर हिल रहा है. आप रुको." मी ब्रेक लावला. दरड त्याच्या गाडीवर आली.

त्याला घरी आणलं तेव्हा फौजेची गाडी डांबर संपलं तिथे थांबली. पुढे नाला आणि दगडांची चढण. पेटी आम्ही खांद्यावरून वर नेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही जुन्या साथीदारांनी मिळून त्याचा काळ्या दगडाचा अर्धपुतळा करून घेतला. कोणी म्हणालं फाट्यावर बसवू, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. विचारायला मी त्याच्या आईकडे, जाईबाईंकडे गेलो. म्हातारीने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"फाट्यावर नाय," ती म्हणाली. "घरी आना त्याला."

"आणतो आई. चौघं-सहा जणं मिळून उचलून आणतो."

"उचलून नाय. मागल्या येळी खांद्यावर आला. मला ते पटलं नाय. डायवर व्हता माझा पोर. गाडीत बसून घरी यील."

मी "येस" म्हणालो. तिच्याशी वाद घालायची माझी छाती नव्हती. आणि तिचं वय पाहता हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखंही नव्हतं.

आता गाडी. ती दगू अहिरेकडे होती. दगू माझा जुना हवालदार, सटाण्याचा. रिटायर झाल्यावर कांद्याच्या धंद्यात पडला. त्याने नाशिकच्या एका हौशी पोराकडून फोर बाय फोर पिकअप घेतली होती. त्या पोराने लिफ्ट करून, म्हणजे बॉडी वर उचलून, गाडीला राक्षस करून ठेवलं होतं. दगूला वाटलं, उंच गाडी, शेतात अडकणार नाही. अडकली नाही. पण कांद्याची गोणी चढवायला हमालाला स्टूल लागायला लागलं. वर जुने टायर तेवढेच बारके. उंटाला बाळाचे बूट घातल्यासारखी दिसायची. आणि धक्के झेलणारे शॉकअप गाडीच्या वाढलेल्या उंचीला पुरत नव्हते, खड्ड्यात खाडकन आवाज करायचे.

"गाडी मनी शे, साहेब. काश्यासाठी घेऊन जा," दगू आपल्या अहिराणी वळणात म्हणाला. "पण पाय बदलावे लागतील तिचे."

फौजेत किटली घ्यायची तरी बोर्ड बसतो. आम्हीही बोर्ड बसवला. अध्यक्ष मी, सदस्य दगू. स्थळ गंगापूर रोडवरचं एक दुकान. तिथे शनिवार-रविवार चिखलात गाड्या घालून फोटो काढणारी मंडळी येतात. दुकानात कॉफीचं मशीन होतं. मालक ओंकार, दाढी कोरलेली, हातावर डोंगर गोंदवलेला.

मी एका टायरला बुटाने लाथ मारली.

"काका, लाथ मारून टायर कळत नाही," ओंकार म्हणाला.

"तुला नाही कळत."

दगूची नजर एका मड टायरवर, म्हणजे चिखलासाठीच्या टायरवर, गेली होती. एकेक दात विटेएवढा. त्याने त्यावरून हात असा फिरवला, की मला त्याच्या बायकोची काळजी वाटली.

"साहेब, हाच. काय दिसू ऱ्हायला!"

"दगू, आपल्याला दिसायचं नाही, पोहोचायचंय. चिखल कुठाय? दिवाळी होऊन गेली. वणीपर्यंत डांबर, पुढे घाट, तोही डांबरी. हे दात डांबरावर भुंगा घुमल्यासारखे घुमतील. शेवटी आहेत ते दगड. दगडात टायर खालून फाटत नाही, कुशीतून फाटतो. कुशीला जाड असलेला ऑल-टेरेन घे, सगळीकडे चालणारा."

ओंकारने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "बरोबर आहे काका." मग विचारलं, "साइज? फार मोठा घेतला तर वळवताना आत घासेल."

आम्ही एक चाक लावून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहिलं. एक साइज कमी केला. बोर्डाचं काम असं चालतं. दगू मात्र त्या मड टायरकडे वळून वळून बघत होता.

मग शॉकअप. ओंकारने दोन जोड समोर ठेवले. दोन्ही लांब, लिफ्ट केलेल्या गाडीचे. एक मऊ, एक कडक. कडक घेतले तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतही एक जादा पाटा टाकायचा.

"काका, गाडी भरून चालते की रिकामी?"

"फौजेत गाडी रिकामी नसते," मी म्हणालो. "लोड पूर्ण धरायचा."

"तरी पण. नेणार काय आहात?"

"पूर्ण लोड धर म्हणालो ना?"

"कडक लावले आणि रिकामी नेली तर उडेल हां काका."

"उडू दे. आम्ही कशात बसलोय हे तू पाहिलं नाहीस."

कडक लावले. दुसऱ्या दिवशी ट्रायल. दगूने गाडी टपापर्यंत कांद्याच्या गोण्यांनी भरून आणली. आमच्या कॉलनीत गतिरोधकांना तोटा नाही, प्रत्येक नगरसेवकाने आपली आठवण ठेवली आहे. गाडी त्यांवरून लोण्यासारखी गेली. मी डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवला होता. थेंब सांडला नाही. मी ओंकारला मुद्दाम फोन केला. "काय म्हणत होतास तू?" बोर्ड बरखास्त.

निघायच्या सकाळी सहाला आमच्या सोसायटीत फॉल इन, म्हणजे हजेरी. गाडी धुतलेली, दगू कोट घालून, छातीवर मेडल. मी राउंड मारला आणि मागे पाहिलं. कांदे.

"दगू, हे काय?"

"साहेब, वाटेत वणीला उतरवतो. जाता जाता होईल."

"जवानाच्या शेजारी कांदे? अक्कल गहाण टाकली का? उतरव सगळे. हौदा झाडून, धुऊन घे. एक सालपट दिसता कामा नये."

उतरवले. हुकूम माझाच होता आणि योग्यच होता. मग पुतळा गवताच्या पेंढ्यांवर, पोत्यांत गुंडाळून मध्ये ठेवला, चारी बाजूंनी दोर आवळले. शिल्पकाराने दोनदा बजावलं होतं, "मान सांभाळा. आपटला तर मानेतच जाईल."

पहिल्या गतिरोधकाला दगूचं डोकं टपाला लागलं.

"साहेब..."

"चालव."

वणीपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. बोलणं शक्यच नव्हतं, जीभ चावली जात होती. घाटात मी खिडकीतून मागे बघत होतो. पोतं उसळत होतं. शेवटी दगूच म्हणाला, "साहेब, त्याला मागं बसवलंय आपण. ओकेल ना तो!" मी हसलो आणि मग मला घाम फुटला. पुढचा रस्ता याच्यापेक्षा वाईट होता.

डांबर संपलं तिथे अख्खा पाडा आम्हाला घ्यायला खाली आला होता. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, सगळे. वाजंत्री होती. जाईबाई नवं लुगडं नेसून पुढे उभी होती. तिने पोत्यावर हात ठेवला आणि बाजूला झाली.

मी कमांड घेतली. टायरमधली हवा कमी केली, दगडांवर टायर थोडा दबायला हवा. मी पुढे चालत राहिलो, दगूला हाताने खुणा करत.

"दगू, डावीकडे."

"डावीकडं दरी शे, साहेब."

"मग उजवीकडे घे, मला काय विचारतोस?"

नाला पार झाला. टायरने एकही दगड सोडला नाही, पकड अशी की वा! पण चढणीच्या पहिल्याच पायरीला गाडीचं मागचं अंग हातभर उडालं. एक दोर सुटला. पुतळा कलला आणि पत्र्यावर खण्णकन वाजला.

"हॉल्ट!"

मी धावत गेलो. पोतं फाडून पाहिलं. खांद्याचा टवका गेला होता. मान शाबूत होती. तिथून वरपर्यंत अशा कितीतरी पायऱ्या बाकी होत्या. हवा आणखी सोडावी तर टायर रिमवरून निघेल. शॉकअप दगडासारखे कडक आणि गाडीत वजन म्हणून काही नाही. पूर्ण लोडचा माझा हिशोब बरोबरच होता. लोड मात्र माझ्याच हुकमाने नाशिकला सोसायटीत पडला होता.

गावातला एक जण हळूच म्हणाला, "साहेब, आमी नेतो ना उचलून. ह्ये काय, दोनशे पावलं."

मी जाईबाईकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. मला तो चेहरा पाहवेना. मागच्या खेपेलाही इथेच, याच नाल्याकाठी, ती अशीच उभी होती.

"कोणी हात लावायचा नाही," मी ओरडलो. "गाडीला वजन पाहिजे. दगड भरा! पोरांनो, नाल्यातले धोंडे आणा!"

पोरं पळाली. जाईबाई पुढे आली.

"सुबेदार, दगड कशाला?"

"आई, गाडी हलकी आहे. म्हणून उडते. वजन टाकलं की बसेल."

"मंग मानसं काय मेलीत का?"

तीस वर्षं गाड्या सांभाळल्या, नियमावर नियम पाठ केले, मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत म्हणून किती जणांना शिक्षा दिल्या. ते सगळे नियम डोळ्यांसमोरून गेले. मग मी ते नाल्यात सोडले.

"चढा!" मी म्हणालो. "वजनदार माणसं आधी!"

इथे गोंधळ झाला. वजनदार कोण यावर बायांचं एकमत होईना, जी ती दुसरीकडे बोट दाखवायला लागली. एका भाऊजींकडे बोट गेलं, ते तर रुसलेच. गाडी उंच, चढवायला शिडी नाही, तेव्हा दगू खाली वाकला आणि त्याच्या कोटावर पाय देऊन पाडा वर चढला. मेडल खणखणत होतं. "माय वं, हळू!" तो प्रत्येकाला म्हणत होता. वाजंत्रीवाले ढोलासकट आत. पुतळा मध्ये, लोकांच्या मांड्यांवर आडवा. जाईबाईने त्याची मान स्वतःच्या मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरून.

गाडी चार बोटं खाली बसली. पाटे सरळ झाले. मी दगूला खूण केली.

"फर्स्ट गियर. लो. हळू."

गाडी चढली. पहिली पायरी, दुसरी. मागचं अंग उडालं नाही, नुसतं डुललं. आत बाया गाणं म्हणायला लागल्या, ढोल वाजायला लागला. मी उलटा चालत, खुणा करत, दोनदा पडलो. कोणाचं लक्ष नव्हतं. खरं सांगतो, आयुष्यात इतके कॉन्व्हॉय नेले, असा एकही नव्हता.

शेवटच्या वळणावर पाडा दिसला. जाईबाई आतून ओरडली, "सुबेदार! हारन वाजवा. रजेवर आला का खाली डांबरावर जीपवाल्याचा वाजवायचा त्यो. गावाला कळू द्या."

दगूने माझ्याकडे पाहिलं. गाव सगळं गाडीतच बसलं होतं. वर ऐकायला चार कोंबड्या आणि एक कुत्रं होतं.

"दगू," मी म्हणालो, "हॉर्न."

त्याने हात ठेवला तो उचललाच नाही. मला रडू आलं. डोळ्यांत धूळ गेली वगैरे मी सांगणार नाही. लान्स नाईक काशिनाथ गावित गाडीत बसून घरी आला, हॉर्न वाजवत, आईच्या मांडीवर डोकं ठेवून.