दाढीवाल्या डॉक्टरचं कडू औषध

एलादियो बारियोसला कोणी बरं केलं, हे आमच्या सांता बिबियाना गावात तिघींनाच ठाऊक होतं: त्याची बायको फिलोमेना, माझी आत्या कुस्तोदिया आणि मी. त्या दोघी गेल्या, एलादियोही गेला. आता मी कशाला तोंड शिवून बसू?

आत्या झाडपाल्याचं औषध द्यायची. तीस वर्षं तिने गावाचे ताप, जंत, पोटदुखी निस्तरली. कोणी कोंबडी आणून द्यायचं, कोणी केळ्यांचा घड, तर कोणी नुसतंच "देव तुझं भलं करो" म्हणून सटकायचं. मग नदीतून आगबोट यायला लागली आणि तिच्यातून उतरला डॉक्टर पेंडलबरीचा संजीवक अर्क! निळी बाटली, तिच्यावर छातीपर्यंत दाढी असलेल्या डॉक्टरचं चित्र. औषधाच्या दुकानातले सातुरियो बाटलीबरोबर पंचांग फुकट द्यायचे. त्यात संतांचे दिवस, चंद्राच्या कला आणि पानोपानी अर्काने बरे झालेल्या लोकांचे फोटो. गावातल्या घरोघरी ते खिळ्याला लटकलेलं असायचं. हळूहळू आत्याच्या दाराशी येणारी माणसं कमी झाली.

एलादियो गावच्या बँडात सगळ्यात मोठा कर्णा वाजवायचा. एका साली त्याचं पोट असं बिघडलं, की खाल्लेलं टिकेना. सहा महिन्यांत माणूस नुसता सापळा झाला. फिलोमेनाने आत्याकडून काढा नेला, तर हा म्हणतो कसा, "मी काय गाढव आहे पाला खायला? मला दाढीवाल्याचं औषध आण!"

आणलं. त्या गोडमिट्ट पाकाने पोट आणखीच ढवळलं. फिलोमेना रडत आली. "बाई, हा मरेल गं. पण लेबल असल्याशिवाय घोटभर घ्यायचा नाही."

आत्या म्हणाली, "मग लेबल दे मेल्याला!"

तेव्हापासून फिलोमेना दर आठवड्याला नवी बाटली विकत घ्यायची, आतला पाक केळीच्या बुंध्याशी ओतायची आणि त्या बाटलीत आत्याचा काढा भरायची. पेरूची कोवळी पानं, कडू साल आणि आणखी दोन गोष्टी. त्या मी अजूनही सांगणार नाही. केळीभोवती मुंग्यांची अशी जत्रा भरली, की आता बिंग फुटतं म्हणून फिलोमेना धास्तावली. एलादियोला आपलं वाटलं, यंदा मुंग्या जास्त आहेत. फिलोमेनाने आत्याला गावच्या बिबियानामातेची शपथ घ्यायला लावली: त्याला कधी सांगायचं नाही. कळलं तर भडभडून ओकेल आणि पुन्हा अंथरूण धरेल.

तीन महिन्यांत एलादियो कर्णा घेऊन उभा! एवढ्यावर गप्प बसला असता तर तो एलादियो कसला? फोटो काढवून त्याने कंपनीला पत्र धाडलं. पुढच्या वर्षीच्या पंचांगात कर्ण्यासकट छापून आला: 'डॉक्टर पेंडलबरींनी मला थडग्याच्या काठावरून ओढून आणलं.'

त्या दिवशी आत्या चुलीपुढे बसून रडली. "तीस वर्षं राबले गं," म्हणाली. "आणि नाव कोणाचं? त्या दाढीचं!" मी म्हटलं, जाऊन सांगते चौकात. तिने लाटणं उगारलं. "शपथ माझी आहे, तुझी नाही. पण तोंड उघडलंस तर बघ!"

पंचांग आल्यावर सगळं गाव बाटल्यांवर तुटून पडलं. गुण कोणालाच येईना. त्यातच जत्रेला दहा दिवस उरले असताना एलादियोचं पोट पुन्हा दुखायला लागलं. मिरवणुकीत कर्णा वाजला नाही तर तो शेजारगावच्या लठ्ठ पाब्लिनोला देणार, असं बँडमास्तर म्हणाले होते. फिलोमेनाला कळायच्या आत एलादियो धावतपळत दुकानात गेला, बाटली उघडली, एक घोट घेतला आणि तिथल्या तिथे थुंकला.

"सातुरियो, लुच्च्या! हे काय, उसाचा रस? माझं औषध असं कडू होतं, की कान आत वळायचे!"

"तुझी जीभ बिघडलीय," सातुरियो ओरडले. "अर्क पहिल्यापासून गोडच आहे!"

दारात ही गर्दी, त्यात आम्ही तिघीही. फिलोमेना पांढरीफटक पडली. मी आत्याकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती, तर गेलेलं सगळं गाव परत मिळालं असतं. ती पाठ फिरवून घरी निघून आली.

संध्याकाळी एलादियो आमच्या दारात. खिशातून जुनी निळी बाटली काढली. तळाशी बोटभर काढा उरलेला. "कुस्तोदिया, कडू गोष्टी तुला कळतात. चव बघ आणि सांग, यात काय आहे ते."

आत्याने झाकण उघडलं, वास घेतला, जिभेवर थेंब ठेवला.

"हे ज्याने केलं," ती म्हणाली, "तो फार जाणता माणूस असणार, एलादियो."

"ते मला माहीत नाही का! पण तुला जमेल?"

"जमेल. एक अट आहे. बाटलीत देणार नाही. माझ्या वाळक्या भोपळ्याच्या वाटीत, माझ्यासमोर प्यायचं."

आत्याने काढा उकळून पुढे केला, तसं एलादियोने वाटीत डोकावलं. घाम पुसला. कर्णा की पाला, हा हिशेब त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. शेवटी नाक दाबून त्याने सगळं एका दमात पिऊन टाकलं. ओकला नाही. पुढे दहा दिवस रोज आला. जत्रेत त्याचा कर्णा असा घुमला, की पाद्रीबाबांनी कानांवर हात ठेवले.

मिरवणूक संपल्यावर तो गर्दीतून वाट काढत आत्याकडे आला. बँडसमोर, सातुरियोसमोर, सगळ्या गावादेखत तिचे दोन्ही हात धरले. आत्याचे डोळे भरून आले. तीस वर्षं वाट पाहिली होती तिने याची.

"कुस्तोदिया," तो म्हणाला, "तुझं औषध बरं आहे हो. खोटं कशाला बोलू? पण त्या डॉक्टरच्या हाताला जी चव होती, ती काही तुला साधली नाही."

आत्या खदाखदा हसत सुटली, इतकी की फिलोमेनाला आणि मला तिला धरून घरी आणावं लागलं.