डोळा आणि खाकरणं

माझा डावा डोळा हा आमच्या घरातला सगळ्यात लाडावलेला जीव आहे. त्याला तोंडावर पंख्याचा वारा चालत नाही, चुलीचा धूर चालत नाही, रात्री मलम घातल्याशिवाय तो झोपत नाही, आणि सकाळी कुणी घाई केलेली तर अजिबात खपवून घेत नाही. एवढे नखरे मी नवी नवरी असताना केले असते तर तलवाड्यातून मला थेट माहेरी धाडलं असतं. डोळ्याचे मात्र सगळे मुकाट सोसतात.

सुरुवात कडब्यापासून झाली. शेळ्यांना टाकायला गंजीतून पेंढी ओढत होते, तर ज्वारीचं वाळलेलं पान सर्रकन डोळ्यावरून गेलं. चार दिवस पाणी गळलं, लाली राहिली, मग सगळं थांबलं आणि मी विसरूनही गेले. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी एका पहाटे डोळा उघडला आणि आत मिरचीचं बी चिरडल्यासारखी कळ आली. डोळा दाबून बसले. दुपारपर्यंत आपोआप कमी झालं. काही दिवसांनी पुन्हा तेच. दिवसभर डोळा ठणठणीत, पहाटे उघडला की बोंब. घरच्यांना वाटायला लागलं, हिला उठायचा कंटाळा आलाय.

आमच्या गल्लीत एक म्हातारी डोळ्यात गेलेला कचरा जिभेच्या शेंड्यानं काढते. तिच्याकडे गेले. तिनं पापणी उलटी करून पाहिलं आणि मला परत पाठवलं. "काईच न्हाई गं आत. कचराच न्हाई तर मी काय काढू?" म्हणाली. मला तिचा रागच आला. कचरा निघाला असता तर घरी दाखवायला तरी झालं असतं.

शेवटी आमचे हे मला बीडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. सासऱ्यांचा चष्मा बदलायचा होता, म्हणून तेही जीपमध्ये बसले. सासऱ्यांना मी मामा म्हणते. म्हणजे मनात म्हणत होते, कारण तोंडानं कधी म्हणायची वेळच आली नव्हती. आमच्या घरची रीतच तशी. सासरा सुनेशी बोलत नाही, सून सासऱ्याशी बोलत नाही. माझी पोरं हाताशी आली तरी मामा मला उद्देशून एक शब्द बोलले नव्हते. तहान लागली की दाराच्या चौकटीकडे बघून विचारायचे, "पानी हाय का घरात?" भाजी आवडली तर अंगणातल्या शेळीला सांगायचे, "आज वांगं लई झ्याक झालतं बरं का." आमच्या शेळीला घरातली सगळी बित्तंबातमी असायची.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळं औषध घालून निळ्या उजेडात पाहिलं. मग विचारलं, "भाकरीचा पापुद्रा कसा सुटतो, माहीत आहे ना?" मी म्हटलं, भाकरी थापण्यात जन्म गेलाय बाई. तर म्हणाल्या, "बुबुळावर तसाच पातळ पापुद्रा असतो. पान लागलं तिथं तो नव्यानं आला, पण खाली घट्ट धरला नाही. रात्री डोळा कोरडा पडतो, पापणी त्याला चिकटते. सकाळी तुम्ही खाडकन डोळा उघडता आणि पापणी तो पापुद्रा ओढून नेते."

उपाय सोपा होता. झोपताना मलम, उशाला थेंबांची बाटली. जाग आली तरी डोळे मिटलेलेच ठेवायचे. आतल्या आत बुबुळं हळूहळू फिरवायची, डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब सोडायचे, थोडं थांबायचं आणि मग सावकाश उघडायचे. असं कित्येक महिने. "पुन्हा पुन्हा पापुद्रा निघाला तर डाग पडेल, नजर मंदावेल," त्या म्हणाल्या. मी घाबरले. कपाशीवरची अळी घरात सगळ्यात आधी मला दिसते, सुईत दोरा मीच ओवते. डोळा गेला तर माझ्याजवळ उरलं काय? मामा भिंतीशी स्टुलावर बसले होते, कॅलेंडरकडे तोंड करून.

मलम जमलं, थेंब जमले. सावकाश उठणं काही जमेना, आणि त्याचं कारण मामांचं खाकरणं. ते आतल्या खोलीत झोपतात, आम्ही मधल्या. पहाटे शेळ्यांकडे जायला त्यांची वाट आमच्या खोलीतून. म्हणून दाराशी थांबून ते खाकरायचे. त्याचा अर्थ, मी येतोय, पदर घ्या. लग्न झाल्यापासून ते खाकरणं ऐकलं की मी झोपेतच उठून बसत होते, डोळे टक्क उघडे, डोक्यावर पदर. बीडहून आल्यावरही तेच झालं. मामा खाकरले, मी उठले, पापुद्रा गेला. दोनदा.

"तुमी सांगा की मामांना," मी ह्यांना म्हटलं.

"काय सांगू? खाकरू नका म्हनू? त्ये काय मुद्दाम खाकरतेत व्हय?"

"डोळा माझा हाय."

"मला दिसतंय की," असं म्हणून हे दुधाच्या किटल्या घेऊन निघून गेले. त्या विषयात त्यांचं तोंड उघडणार नाही हे मला कळून चुकलं.

आणि एका पहाटे जाग आली तर बाहेर करडं ओरडत होती, पण खाकरणं नाही. मी डोळे मिटून पडून राहिले. म्हाताऱ्या माणसाला काही झालं की काय, अशी शंका आली. पण बुबुळं फिरवली, थेंब सोडले, थांबले आणि डोळा उघडला. कळ आली नाही. बाहेर जाऊन बघते तर मामा काठी टेकत घराच्या कोपऱ्यावरून येत होते, धोतराला गोखरू चिकटलेले. मागच्या दारानं निघून, शेजाऱ्यांचा उकिरडा ओलांडून, सगळ्या घराला वळसा घालून ते शेळ्यांकडे आले होते. कॅलेंडरकडे बघत त्यांनी डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द ऐकला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं पुसलं. मामा शेळीला म्हणाले, "गडबड न्हाई म्हनावं."

सबंध हिवाळा, उन्हाळा ते मागूनच गेले. पावसाळा लागला तसं मागं चिखलाचं रेंदाड झालं आणि माझा जीव वर-खाली व्हायला लागला. माझ्या डोळ्यापायी म्हाताऱ्याचं हाड मोडलं तर? बोलायची तर सोय नाही. मग एका संध्याकाळी मामा अंगणात बसलेले असताना मीच शेळीपाशी गेले आणि तिला जरा मोठ्यानं सांगितलं, "मागं लई चिखल झालाय. पुढूनच यावं म्हनावं, खाकरायचं कारन न्हाई. मी डोळे मिटूनच असते, मला कुठं काय दिसतंय?" मामांनी सुपारी कातरली, वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार हळूच वाजलं. मी गोधडी डोक्यावरून ओढली, डोळे घट्ट मिटले. काठीचा आवाज खोलीच्या मध्यावर येऊन थांबला.

"मिटलेलेच ऱ्हाऊ दे, पोरी," मामा म्हणाले. "शेळ्याला मी बघतो."

आजूबाजूला शेळी नव्हती, चौकट त्यांच्या पाठीमागं होती. ते माझ्याशीच बोलले होते. गोधडीतून मी म्हटलं, "बरं, मामा." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पापुद्र्यानं आता चांगलं धरलंय, डाग नाही. मलम अजून घालते, सकाळी थेंबही सोडते. डोळा आहे, कधी रुसेल नेम नाही. मामा रोज त्याच वेळी खोलीतून जातात आणि अंगणातून हाक मारतात, "उघडला का गं?" मी म्हणते, "उघडला, मामा." मग ते आभाळ कसं आहे, कोणत्या करडानं रात्री काय घोळ घातला, ते सगळं मला सांगत बसतात. शेळीला आता कुणी काही सांगत नाही.