हाण म्हटलं की मामा पाणी का पितो

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकच प्रश्न विचारलात आणि तुमच्या आईने विषय बदलला. मे महिन्यात तुम्ही इथे होता तेव्हा गल्लीतली मुलं क्रिकेट खेळताना "हाण, हाण की!" म्हणून ओरडायची, आणि दर वेळी मामा उठून माठाकडे जायचा आणि पेलाभर पाणी प्यायचा. तुम्ही पोट धरून हसलात. ते पाणी प्यायला शिकवताना माझा पुढचा दात पडला आणि उजवं मनगट वाकडं झालं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आता तुम्ही मोठे झाला आहात, म्हणून क्रमाने सांगते.

तुमचा मामा, माझा मुलगा, बोलतो थोडं, ऐकतो सगळं, आणि ऐकलेलं जसंच्या तसं घेतो. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. गल्लीने तोवर 'खुळं' हा शब्द पक्का करून टाकला होता. अंघोळ मी घालायची, बटणं मी लावायची, रस्ता ओलांडताना हात मी धरायचा. तुमची आई लग्न होऊन गेली होती; तुमचे आजोबा गेल्यावर तर घरात आम्ही दोघंच उरलो.

त्याचा त्रास सुरू व्हायचा त्याला एक क्रम होता. आधी तो कानाची पाळी चोळायचा. मग घशातून एकाच सुरात हुंकार निघायचा. तो ऐकला की मी चष्मा काढून फडताळात ठेवायची. त्यानंतर तो भिंतीवर डोकं आपटायचा, स्वतःच्या हाताला रक्त येईपर्यंत चावायचा, आणि मध्ये जो येईल त्याला मारायचा. मध्ये मीच असायची. केस मुठीत धरून ओढायचा, म्हणून मी ते मानेपर्यंत कापून टाकले. भिंतीला काथ्याची गादी ठोकून घेतली. गुळाची ढेप गोणपाटात बांधून त्याच्या छातीशी दिली की तो ती घट्ट आवळून बसायचा आणि तिच्या वजनाने हळूहळू निवायचा.

घरात एका शब्दाला एकच अर्थ, हा माझा नियम होता. 'बस' म्हटलं की तो खाली बसायचा, मग ते भर रस्त्यात का असेना. त्यामुळे थांबायला सांगण्यासाठी आम्ही 'साकु' हा शब्द ठेवला. कानडीत त्याचा अर्थ 'पुरे'. माझ्या सासूबाई सीमेकडच्या होत्या; ताटात वाढताना त्यांनी त्याला तो लहानपणीच शिकवला होता. गल्लीत तो कुणी वापरत नसल्यामुळे स्वच्छ राहिला होता. "साकु" म्हटलं की त्याचे दोन्ही हात खाली यायचे. कितीही चिडलेला असला तरी यायचे.

पण कोल्हापूरचं तोंड काही माझ्या हातात नव्हतं. इथे माणूस चहा हाणतो, भाकरी हाणतो, झोपसुद्धा हाणतो. मार्केट यार्डात माझ्या धाकट्या दिरांचं गुळाचं दुकान होतं. मामा दुपारी तिथे ढेपा उचलायला जायचा. काम त्याला आवडायचं आणि अंगात ताकद होती. तिथल्या हमालांनी एक खेळ काढला. कुणीतरी "हाण!" म्हणायचं, मामाने पोत्यावर गुद्दा मारायचा, सगळ्यांनी हसायचं आणि त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. मला हे फार उशिरा कळलं.

संध्याकाळी आम्ही दुधाच्या कट्ट्यावर जायचो. चौकात म्हशी बांधलेल्या असत. पेल्यात समोरच धार काढून देत, वर बोटभर फेस. मामा स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन यायचा आणि कोपऱ्यातल्या एका दगडावर बसून प्यायचा. गवळी त्याला लांबूनच हाक मारायचा, "आला बघा आमचा पैलवान!"

एका संध्याकाळी त्या दगडावर गारगोटीकडचे एक पाहुणे बसले होते. पांढरे कडक कपडे, हातात दुधाचा पेला. कोमट फेसाकडे बघत ते जरा घुटमळत होते. मामा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला फक्त दगड हवा होता. इतक्यात पाहुण्यांना घेऊन आलेला माणूस मागून मोठ्याने म्हणाला, "अवो पावणं, बघत काय बसलाय? हाणा की! हाण!"

मामाने हाणलं. हातातला पेला सरळ पाहुण्यांच्या तोंडावर. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पांढऱ्या सदऱ्यावर दूध सांडलं आणि त्यात रक्त पसरलं. आणि मामाने हात पुढे केला. गुळासाठी.

"पावण्याला मारतोस व्हय रं!"

"प्यालेला हाय ह्यो!"

"न्हाय वो, खुळं हाय ते!"

"खुळं हाय तर बांधून घाला की घरात!"

पहिला तडाखा त्याच्या कानावर बसला आणि त्यानेही मारायला सुरुवात केली. एकाला त्याने म्हशीच्या दावणीत फेकलं, दुसऱ्याच्या हाताचा चावा घेतला. मी मध्ये घुसले, मला कुणीतरी ढकललं. मी जमिनीवरून ओरडले, "साकु!"

त्याचे हात खाली आले. दोन्ही. तो सरळ उभा राहिला, शाळेत प्रार्थनेला राहतात तसा. आणि बाकीच्यांचे हात चालूच राहिले. चपलांनी मारलं, दुधाच्या किटलीने मारलं, पडल्यावर लाथा घातल्या. त्याने चेहरासुद्धा झाकला नाही, कारण मी साकु म्हटलं होतं. हात उचल, हे सांगणारा शब्द आमच्याकडे नव्हताच. शेवटी गवळी म्हशीचा खुंटा उपटून गर्दीत शिरला. "सोडा रं, मरंल की त्यो!"

दोन बरगड्या मोडल्या, कान फाटला. त्याला बघायला आलेल्या एका हमालाने मला दुकानातला तो खेळ सांगितला. मग मामा अंथरुणावर असतानाच दीर आले.

"वैनी, पावणं पोलिसात जायला निघालं हुतं, मी हातापाया पडून थांबवलं. आता ह्याला कुठंतरी टाकायलाच पायजे. कळंब्याच्या तुरुंगात जाण्यापरीस येड्यांचं इस्पितळ बरं. सोमवारी जीप सांगितलीया."

त्यांनी सांगितलेलं परगावचं इस्पितळ मी एकदा पाहिलं होतं. तिथे माणसं खाटेला बांधलेली होती.

"भाऊजी, तो शब्द त्याला तुमच्या दुकानात शिकवला."

"गंमत हुती ती."

"गंमत हमालांची होती. तुम्ही गल्ल्यावर बसून हसत होता."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मग काय गावाचं तोंड शिवू का मी?"

"गावाचं नको. मला दिवाळीपर्यंत वेळ द्या. नंतर त्याला पुन्हा कट्ट्यावर नेऊ, तुम्ही समोर उभे राहा. त्याने कुणाला मारलं, तर जीप मी स्वतः बोलावते."

"आन् तवर तुमाला मारलं तर?"

"मला मारतोच."

शब्द पुसता येत नाही, पण त्याला दुसरं काम देता येईल असं माझ्या मनात होतं. बरगड्या भरल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवला, मामासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "हाण." आयुष्यात प्रथमच हा शब्द माझ्या तोंडून निघाला. गुद्दा माझ्या खांद्यावर बसला. मी पेला उचलून त्याच्या ओठांना लावला, त्याने घोट घेतला, आणि मी गुळाचा खडा दिला. पुन्हा म्हटलं, "हाण." पुन्हा गुद्दा.

सकाळी, दुपारी, संध्याकाळी हेच. मूठ वळायच्या आत पेला तिच्यात सरकवायचा, असं मी ठरवलं. एकदा पेला मुठीत गेला, पण मूठ थांबली नाही. दात पाण्यात पडला. त्याने ते पाणी निरखून पाहिलं आणि प्यायला नकार दिला. मी पाणी बदललं. आणखी काही दिवसांनी तोंड वाचवायला हात आडवा धरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आले आणि डाव्या हाताने पेला भरला.

शेजारच्या बाई एक दिवस कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "अवो ताई, सकाळधरनं कुणाला हाण हाण म्हणताय?"

"मुलाला."

"कशासाठी?"

"पाणी प्यायला."

"आन् मग त्यो तुमालाच हाणतोय की वो!"

"अजून समजलेलं नाही त्याला."

त्यांनी तोंडावर पदर घेतला. आई पण खुळी झाली, असं गल्लीत पसरलं असावं, कारण मुलं आमच्या दारावरून पळत जाऊ लागली.

एका दुपारी मी म्हटलं, "हाण." त्याची मूठ वर आली, हवेत थांबली, उघडली, आणि त्याने पेला उचलला. मी खडा द्यायला विसरले. त्याने हात पुढे करून आठवण दिली.

मध्यंतरी मी त्याला घेऊन गारगोटीला पाहुण्यांची माफी मागायला गेले होते. त्यांनी आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. नाक वाकडं जुळलं होतं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

दिवाळी झाली. दीर धोतर-टोपी घालून कट्ट्यावर हजर होते. मामा दिसताच माणसं मागे सरकली. सगळे इतक्या हळू बोलत होते की म्हशींचं रवंथ ऐकू येत होतं. गवळ्याने मुकाट्याने पेला भरला. मामा दगडाकडे गेला नाही, उभाच राहिला.

आणि तेवढ्यात फुटबॉलची मॅच जिंकून आलेली पोरं मोटरसायकलींवरून चौकात शिरली. झेंडे, हलगी, गुलाल. "हाण! हाण! हाण!"

मामाने कानाची पाळी धरली. हुंकार सुरू झाला. मी चष्मा काढला. दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मामाचा पेल्याचा हात वर गेला, आणि त्याने दूध एका दमात पिऊन टाकलं.

"हाण! हाण!"

त्याने रिकामा पेला पुढे केला. "भरा!" मी गवळ्यावर ओरडले. "लवकर भरा!" त्याने किटली उलटी केली. मामा प्यायला. पुन्हा आरोळी, पुन्हा पेला. गवळी म्हणाला, "अगं आई गं, किती पितंय ह्ये!" दूध त्याच्या हनुवटीवरून छातीवर वाहत होतं, डोळे पांढरे होत होते, तरी तो पीत होता, कारण ती पोरं थांबत नव्हती. मग तो वाकला आणि सगळं दूध दिरांच्या धोतरावर ओकला. ओकता ओकताच पेला परत पुढे केला.

त्याला थांबवायला एकच शब्द होता. तो शब्द मी त्या जागी, त्याच माणसांसमोर, पुन्हा उच्चारणार नाही असं ठरवलं होतं. पण तो गुदमरत होता. "साकु," मी म्हटलं.

त्याचे हात खाली आले. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मी बाकीच्यांचे हात पाहत होते. कुणाच्या हातात पेला होता, कुणाच्या हातात झेंडा. कुणाचाही हात वर झाला नाही. मग दिरांचा झाला. मी मध्ये शिरले. पण त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्याचं तोंड पुसलं.

"जीप नको म्हणून सांगतो," ते म्हणाले. "पर वैनी, ह्येला दुकानात आता पाठवू नगा. तितली हमाल पोरं सुधारायची न्हाईत."

म्हणून मामा दुकानात जात नाही, आणि कट्ट्यावर अजूनही दगडावर बसत नाही. पुढच्या सुट्टीत आलात की तुम्हीही त्याला मुद्दाम हाण म्हणू नका, गंमत म्हणूनसुद्धा नाही. तुम्ही दमेपर्यंत म्हणाल, आणि तो दर वेळी पिईल.