सोफ्याच्या कापडाचा दीर

आमच्या समोर राहणाऱ्या बाईंना अख्खी गल्ली गोधडीकाकू म्हणते. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा काकूच म्हणतात. त्यांनी कधी हरकत घेतलेली नाही, कारण त्यांच्या तोंडात बहुतेक वेळा टाचण्या असतात. टाचण्या धरलेल्या तोंडातून "हं", "ऊंहूं" आणि "बसा" एवढंच नीट बाहेर येतं, आणि एवढ्यावर त्यांनी तीस वर्षं संसार केला आहे.

घर तीन खोल्यांचं आणि माणसंही तीनच. काकू, मोजणी खात्यात नोकरी करणारे त्यांचे यजमान, आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई, म्हणजे आमच्या आजी. पुढच्या खोलीत जमिनीवर कायम काहीतरी अंथरलेलं असतं. खाली अस्तर, त्यावर कापसाचा थर, त्यावर तुकडे जोडून केलेलं वरचं कापड, आणि सगळं जागचं हलू नये म्हणून मारलेले कच्चे टाके. कडेकडेनं चालायचं, हा त्या घराचा पहिला नियम. जेवणाचं टेबल कापडांच्या घड्यांखाली गेलं त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्या एका कोपऱ्यावर तिघं पाळीपाळीनं जेवतात. ताटात दोरा निघाला तर कुणी ओरडत नाही. रंग बघतात आणि काकूंना परत देतात.

काकांचं एक दुखणं आहे. खोटं बोललं की त्यांना उचकी लागते. लग्नाच्या दिवशी सासऱ्यांनी "जेवण आवडलं ना?" म्हणून विचारलं आणि काका दीड तास उचक्या देत बसले, हे मला खुद्द काकूंनी सांगितलंय. सांगितलं त्या दिवशी टाचण्या संपल्या होत्या.

तर झालं असं, की एका कापड गिरणीनं गोधड्यांची स्पर्धा जाहीर केली. विषय होता 'माझं घर, माझी माणसं'. काकूंनी पत्रक वाचलं, पण तिसऱ्या नियमापर्यंतच. चौथ्यावर दोऱ्याचं रीळ ठेवलेलं होतं.

चार महिने त्या गोधडीत बुडाल्या. कापडाचे आकार कापून, कडा दुमडून, बारीक टाक्यांनी त्यांनी आपली पुढची खोली हुबेहूब उभी केली. खिडकीला खऱ्या पडद्याचा तुकडा लावला. आजींचे केस पांढऱ्या लोकरीचे केले. काकांची पँट काकांच्याच पँटीतून कापली; ती त्यांनी नंतर दोन दिवस शोधली. चित्रातल्या काकांची जिवणी सरळ लावली की कापडाला चुणी पडायची, म्हणून टोकं जरा वर घेतली. त्यामुळे काका हसताना दिसू लागले. इलाज नव्हता.

डावी बाजू मात्र रिकामी राहिली. काकूंनी तिथे कुंडी लावून पाहिली, कपाट लावून पाहिलं. शेवटी जुन्या सोफ्याचं हळदी रंगाचं कापड हाताला लागलं आणि त्यातून एक माणूस कापला गेला. हात जरा वरच्या अंगाला कापला गेला, म्हणून त्याला स्टुलावर उभं करून हातात बल्ब दिला.

काका कचेरीतून आले ते बघतच राहिले. "हा कोण?"

काकूंनी टाचण्या काढल्या. "कुणी नाही. डावी बाजू रिकामी होती."

"मग कुंडी लावायची!"

"लावली होती. कुंडी लावली की तुम्ही फार एकटे दिसत होता."

"उसव त्याला."

"त्याला उसवला तर खिडकी येईल, आणि खिडकीबरोबर तुमची आई."

काका आईच्या बाबतीत हळवे आहेत. गोधडी तशीच गिरणीत गेली.

महिन्याभरानं पत्र आलं. गोधडी अंतिम फेरीत पोचली होती, आणि चौथ्या नियमाप्रमाणे चित्र वस्तुस्थितीला धरून आहे की नाही हे पाहायला परीक्षक मंगळवारी सकाळी अकरा वाजता घरी येणार होते. काकांनी तो नियम मोठ्यानं वाचला, मग पुन्हा हळू आवाजात वाचला. "माणसं तीन आणि चित्रात चार. कळवून टाकू, चूक झाली म्हणून," ते म्हणाले.

"ऊंहूं," काकू म्हणाल्या. चार महिन्यांच्या टाक्यांना त्या चूक म्हणणार नव्हत्या.

मंगळवारी नऊ वाजता वायरमन आला. दारावरची बेल आठ महिने बंद होती आणि परीक्षकांना वाजवायला काहीतरी हवं, म्हणून काकूंनीच त्याला बोलावलं होतं. पन्नाशीचा, एकटा, शांत माणूस. त्यानं बेल खोलली तेवढ्यात काकूंनी मागून त्याच्या खांद्याला टेप लावली.

"अर्धा तास आमचे दीर व्हाल का?"

वायरमननं तोंडातला स्क्रू काढला. "काम काय असतं?"

"स्टुलावर उभं राहून बल्ब बदलायचा."

"ते मी असाही करतो."

"हो, पण दीर म्हणून करायचा."

त्यानं क्षणभर विचार केला. "अर्ध्या तासाची कामं मी घेत नाही. कमीत कमी अर्धा दिवस."

सोफ्याचं कापड उरलेलं होतं. काकू मशीनवर बसल्या आणि पावणेअकराला हळदी रंगाचा शर्ट तयार झाला. ते कापड माणसानं घालायचं नव्हतंच. पुठ्ठ्यासारखं जाड, त्यात घाईघाईत उजवी बगल वर शिवली गेली. वायरमननं शर्ट घातला तसा त्याचा उजवा हात वर गेला तो खाली येईना. "दुखतंय का?" काकांनी विचारलं. "नाही," तो म्हणाला, "कामाच्या जागीच आहे."

बरोबर अकराला बेल वाजली. आठ महिन्यांत कुणी ऐकलीच नव्हती, त्यामुळे सगळे दचकले. आजींनी जाऊन फोन उचलला.

परीक्षक दोन होते. एक चित्रकलेची निवृत्त शिक्षिका, आणि एक गिरणीचा कारकून, त्याच्या हातात छापील तक्ता. मी हे सगळं आमच्या खिडकीतून पाहिलं. नंतर दिसेनासं झालं तेव्हा साखर मागायला म्हणून आत गेलो.

कारकून वाचत होता. "खिडकी एक. आहे. पडदा. अर्धाच आहे." त्यानं नोंद केली. "व्यक्ती क्रमांक एक, वृद्ध स्त्री, खिडकीजवळ. आहे. क्रमांक दोन, स्त्री, हातात सुई. आहे. क्रमांक तीन, पुरुष, खुर्चीत, हसतमुख."

काका खुर्चीत बसलेच होते. कारकून थांबला. सगळे थांबले.

"हसा की," शिक्षिका म्हणाली.

"हसतोय," काका म्हणाले आणि त्यांना उचकी लागली.

"हसत नाहीत. एक गुण वजा," कारकुनानं लिहिलं. "क्रमांक चार, पुरुष, स्टुलावर, बल्ब बदलताना." वायरमननं स्टुलावर चढून बल्ब काढला, दुसरा लावला, मग तो काढून पहिला लावला. त्याचं काम स्वच्छ होतं. "नातं?"

काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. काका म्हणाले, "हे माझे... उच्... धाकटे... उच्..." आणि पाण्याकडे धावले.

शिक्षिकेनं चष्म्यावरून बघितलं. चाळीस वर्षं वर्गात काढलेली बाई. असली उत्तरं तिनं ढिगानं ऐकली असणार. ती सरळ आजींपाशी गेली. "आजी, तुम्हाला मुलं किती?"

आजींना कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्या वेळी त्यांचा डोळा लागलेला असतो, या भरवशावर सगळे राहिले होते. आजींनी चष्मा पुसला, लावला, स्टुलाकडे निरखून पाहिलं.

"दोन," त्या म्हणाल्या. "हा थोरला, तो धाकटा. धाकटा लहानपणी फार चावायचा."

"आता नाही चावत," वायरमन वरून म्हणाला.

"आणि तो शर्ट बदल. सोफा दिसतोयस."

कारकुनानं 'आहे' असं लिहिलं आणि दोघं निघून गेले.

साडेअकरा वाजले होते. काकूंनी बगल उसवली तेव्हा वायरमनचा हात खाली आला. काका म्हणाले, "आभारी आहोत. या आता." पण वायरमन हिशेबाला पक्का. "अर्धा दिवस दीडला संपतो," तो म्हणाला. "तोवर मी दीरच आहे." आणि तो बसला. जेवायच्या वेळी आजींनी पहिलं ताट त्याच्यापुढे सरकवलं. तीस वर्षं पहिलं ताट काकांचं होतं. काका बघत राहिले.

दीडच्या ठोक्याला तो उठला. "निघतो."

"कुठे?" आजी.

"खोलीवर."

"कुणाच्या खोलीवर?"

"भाड्याच्या."

"स्वतःचं घर असताना भाड्यानं राहतोस?"

वायरमन विचार करत गेला आणि गुरुवारी एक ट्रंक आणि ड्रिल मशीन घेऊन आला.

काकांनी त्या दिवशी रजा टाकली आणि आईसमोर बसले. "आई, मी एकुलता एक आहे."

"कोण म्हणालं?"

"तूच! जन्मभर म्हणत आलीस."

"तो घरात नव्हता तेव्हा तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणत होते."

"अगं, पण तू त्याला जन्म कधी दिलास?"

"तुला काय कळतंय त्यातलं? तुझ्या स्वतःच्या जन्माचं तरी काही आठवतंय का? दोन्ही वेळी मी होते."

यापुढे मोजणी खात्याची मजल जात नाही. काकूंकडे दाद मागावी, तर त्या कापूस पिंजत होत्या. "पटत नसेल तर सांगा त्यांना जायला," त्या म्हणाल्या. काका गेले, वायरमनच्या खाटेपाशी उभे राहिले आणि "पंखा आवाज करतो," एवढंच सांगून आले. त्यात खोटं काही नव्हतं.

माझी बायको तिसऱ्या दिवशी म्हणाली, "धाकटे परत आले वाटतं! लहानपणी आपल्या कुंड्या फोडायचे, मेले." आम्ही या गल्लीत येऊन अकरा वर्षं झाली. मी तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "म्हणून काय झालं?" पंधरवड्यानं मी स्वतःच त्याला गल्लीत "पूर्वीपेक्षा वाळलात हो" असं म्हणून गेलो. तो म्हणाला, "उन्हातली कामं."

स्पर्धेत गोधडीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. शेरा होता, 'क्रमांक तीनचे हास्य अवास्तव.' काकूंनी तो कात्रीखाली ठेवून दिला.

घराला मात्र त्या माणसाची सवय होत गेली. त्यानं शिवणाच्या जागेवर असा दिवा टांगला, की काळ्या कापडावर काळा टाका दिसू लागला. रोज सकाळी बारा सुयांत दोरे ओवून तो त्या उशीत खोचून ठेवी. कोण म्हणून कुणी विचारलं, तर काका सांगत, "हे घरी असतात," आणि उचकीवाचून पार पडत. पण ते मिटल्यासारखे झाले होते. संध्याकाळी आल्यावर कडेकडेनं चालत खिडकीपाशी जायचे आणि बाहेर बघत बसायचे. आजी दोघांनाही हाक मारताना आधी धाकट्याचं नाव घ्यायच्या. ते त्यांनीच ठेवलं होतं.

तीन महिन्यांनी एका शनिवारी बेल वाजली. दारात टपाल कचेरीत शिक्के मारणारी एक ठसठशीत बाई उभी.

"माझा भाऊ कुठंय? बेल दुरुस्त करायला म्हणून या घरात शिरला तो शिरलाच!"

वायरमन सुई ओवता ओवता उठून उभा राहिला. "ताई," तो म्हणाला, आणि खाली बघू लागला.

"तुझा भाऊ?" आजी म्हणाल्या. "असेल. माझा मुलगा आहे. यात भांडण कुठे आलं?"

ताई कडेचं भान न ठेवता थेट गोधडीवर बसली. भाऊ सुधारला होता, गालावर मांस आलं होतं. तिलाही ते दिसत होतं. "दर शनिवारी यायचा माझ्याकडे," ती म्हणाली. "आठवडाभर कुणाला बोलता येत नाही मला. कचेरीत सगळे साहेब. एक हा हक्काचा होता, रागवायला."

काकूंनी एक एक करून टाचण्या काढल्या. त्या सगळ्या निघेपर्यंत आम्ही श्वास धरून होतो. मी तेव्हा साखरेची वाटी परत करायला गेलो होतो.

"शनिवारी ह्यांना न्या," काकू म्हणाल्या.

"मला?" काका.

ताईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बल्ब बदलता येतो?"

"नाही."

"उलट उत्तर देता?"

"आजवर तशी वेळ आली नाही."

"कॉलर बघा कशी आहे! आणि पाठ सरळ करा आधी," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज जरा मोकळा झाला. काकांनी पाठ सरळ केली. अकरा वर्षांत त्यांना मी एवढ्या चटकन काही करताना पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून काका शनिवारी दुपारी छत्री घेऊन निघतात. ती त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान आहे, पण ताईच. ती त्यांना चालण्यावरून बोलते, उशिरावरून बोलते, चहा बशीत ओतण्यावरून बोलते. काका परत येतात ते जिन्यातूनच सांगत, "आज काय झापलंय म्हणता! कागदांवर शिक्के मारायला बसवलं, तर एक शिक्का उलटा लागला." काकू गोधडीवर वाकलेल्या असतात. "हं," म्हणतात. धाकटा दोरा तोडून देतो.

मागच्या शनिवारी ते स्वेटर घालून आले. ताईनं विणलेला, भावासाठी म्हणून. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. काकू टेप घेऊन उठल्या, पण काकांनी हात मागे घेतले. "राहू दे," ते म्हणाले. मग काकूंनी तोंडातल्या दोन टाचण्या काढून दोन्ही बाह्या मनगटाशी टोचून दिल्या, आणि काका टेबलाच्या कोपऱ्यावर जेवायला बसले.