दोराभर लहान काज

केमोच्या वॉर्डाबाहेर मी बहिणीची वाट पाहत बसले होते. समोरच्या टेबलाशी ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलीने एका वयस्कर गृहस्थांपुढे काजं-बटणं शिवलेली कापडी पट्टी ठेवली. औषधांनी त्यांची बोटं बधिर झाली होती.

"काका, एकच बटण लावून बघा."

"चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय मी," ते हसले. पण बटण निसटत राहिलं. मला ते बघवेना.

मग त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. "पोरी, बटणाच्या मानाने तुझं काज दोराभर लहान आहे."

ती ओशाळली. "दुसरी पट्टी आणते."

"राहू दे. आता ह्याच्यातच घालतो."

बोटांना कळत नव्हतं ते डोळ्यांनी सांभाळत त्यांनी बटणाची कड काजात सरकवली. रोज सकाळी मी न बघता जे उरकते, त्यात एवढं सगळं असतं, हे मी थक्क होऊन पाहत होते.

तेवढ्यात बहीण बाहेर आली, स्वेटरचं बटण चाचपडत. सकाळी सगळी बटणं मीच भराभर लावून दिली होती. पुढे झालेले हात मी मागे घेतले आणि तिच्याशेजारी उभी राहिले. आम्हाला कुठलीच घाई नव्हती.