वांग्याची ॲलर्जी

गौरीचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभी राहून धुवायचे पडदे काढत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मेधा सकाळचा चहा घेऊन पेपर उघडून बसली होती, ती तशीच गेली. पेपरचं पानसुद्धा उलटलं नव्हतं म्हणे... बोरीवलीहून पार्ल्याला पोहोचेपर्यंत मी रिक्षात रडून घेतलं. खोटं कशाला सांगू, रडून झाल्यावर मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, आम्ही ते मोरोक्कोचं जेवण जेवून घेतलं. आज दीड महिना झाला. दुःख आहेच, पण त्याच्या जोडीला सुटल्यासारखंही वाटतं. पासष्टी ओलांडलेल्या मैत्रिणीच्या मरणानंतर असं वाटणं लोकांना विचित्र वाटेल, म्हणून ही सुटका कसली ते सांगायला बसले आहे.

मेधा आणि मी अंधेरीच्या एका सरकारी कचेरीत एकाच आठवड्यात रुजू झालो. आमच्या सेक्शनमध्ये सहा बायका होत्या. दीड वाजला की दोन टेबलं जोडायची, डबे उघडायचे आणि प्रत्येकीनं आपली भाजी डब्याच्या झाकणावर काढून फिरवायची असा रिवाज. चौथ्या की पाचव्या दिवशी मी भरीत नेलं होतं. आईच्या हातचं, कच्चा कांदा घालून वर कच्च्या तेलाची धार सोडलेलं. आम्ही बौद्ध, मूळचे परभणीकडचे. आडनाव सांगितलं की समोरच्याला बाकीचं आपोआप कळतं, आणि तोवर सगळ्यांना माझं आडनाव कळलेलं होतं. दोघींनी भरीत घेतलं, दोघींचं पोट अचानक भरलं. झाकण मेधाकडे आलं. तिनं ते न बघताच पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मला वांग्याची ॲलर्जी आहे." मी विश्वास ठेवला. म्हणजे, ठेवायचा असं ठरवलं. नवी नोकरी होती, रोज त्याच टेबलावर जेवायचं होतं.

गंमत अशी, की पुढच्या चार महिन्यांत ही बाई माझी जिवाभावाची मैत्रीण झाली. माझ्या डब्यातलं सगळं खायला लागली. शेंगदाण्याची चटणी, पिठलं, मेथीची भाजी... ठेचा तर झाकणावर काढायची वाटही बघायची नाही, सरळ डब्यात बोट घालायची. माझ्या मुलाच्या वेळी मी आठ दिवस दवाखान्यात होते, तेव्हा रोज सकाळी ऑफिसच्या आधी पार्ल्याहून गरम गरम सांजा घेऊन यायची आणि मी संपवेपर्यंत उशाशी उभी राहायची. फक्त वांगं तेवढं नाही. ऑफिसच्या पिकनिकला, कुणाच्या निरोप समारंभाला, पानात वांग्याची भाजी आली की मेधा ती बाजूला सारायची आणि मी आपली वाढप्याला बजावायची, हिला नका वाढू, हिला चालत नाही.

गौरीच्या सहाव्या वाढदिवसाला मी तिच्या घरी गेले होते. मेधा आत केकच्या बशा भरत होती. गौरी माझ्या मांडीवर बसून घरातल्या प्रत्येकाची आवड मला सांगत होती. बाबांना श्रीखंड, आजीला साबुदाण्याची खिचडी, आणि आईला भरली वांगी. आई एकटी चार खाते, असं बोटं दाखवून सांगितलं पोरीनं. मी केक खाल्ला, फुगे फुगवले, हसून निरोप घेतला. घरी येईपर्यंत तो पहिल्या आठवड्यातला दिवस मला पुन्हा लख्ख दिसायला लागला होता.

तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण भीती वाटली. तिनं खरं उत्तर दिलं असतं तर त्यानंतर आम्ही दोघी कशा राहिलो असतो, हे मला कळत नव्हतं. एवढी चांगली मैत्रीण मला दुसरी मिळाली नसती आणि तो अपमान गिळूनही टाकता येत नव्हता. मग मी सूड घेतला. दर गुरुवारी डब्यात वांगं. भरीत, भरली वांगी, काप, वांगी-बटाटा... आलटून पालटून, निवृत्त होईपर्यंत. बिचारी समोर बसून आपली कोबीची भाजी चिवडायची. तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसायचं. आणि तिचीही पंचाईतच होती. ॲलर्जी बरी झाली असं म्हणावं, तर पहिल्या दिवशी काय झालं होतं ते सांगणं आलं. एकदा बोललेलं खोटं तिला निस्तरता येईना आणि मला ते विसरता येईना.

तिच्या पासष्टीला गौरीनं आम्हा दोघींना अंधेरीतल्या एका मोरोक्कन हॉटेलात बोलावलं. ती स्वतः मीटिंगमध्ये अडकली. तुम्ही सुरू करा, मी फोनवरून ऑर्डर दिलीय, म्हणाली. तिथे बसायला जमिनीलगत गाद्या होत्या. आमचे गुडघे बघून वाढणाऱ्या मुलीनं आपण होऊनच दोन खुर्च्या आणल्या. मग तिनं समजावलं, की इथे प्रत्येकाला वेगळं ताट नसतं. छोट्या छोट्या बशा मधे ठेवतात आणि सगळ्यांनी पावाचा तुकडा मोडून त्याच बशीतून खायचं. जिरं घातलेली गाजरं आली, ऑलिव्ह आले आणि एका मातीच्या वाडग्यात लालसर काळपट काहीतरी आलं. मेधानं पाव मोडला, त्यात बुडवला, घास घेतला आणि डोळेच मिटले. काय सुरेख आहे गं हे, म्हणाली. मी त्या मुलीला विचारलं. तिनं कौतुकानं सांगितलं, याला झालूक म्हणतात, वांगं भाजून, ठेचून, टोमॅटो-लसूण घालून करतात.

मेधाचा हात तसाच राहिला. मला तिला सोडवता आलं असतं. हे परदेशी वांगं आहे, हे चालत असेल तुला, असं काहीही म्हणता आलं असतं. इतकी वर्षं तेच तर केलं होतं. त्या दिवशी मी पावाचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला आणि वाडगा तिच्याकडे सरकवला. तिनं माझ्याकडे बघितलं. मग दुसरा तुकडा मोडला, मी जिथे बुडवला होता तिथेच बुडवला आणि खाल्ला.

"मला ॲलर्जी नाहीये, कुसुम. कधीच नव्हती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"गौरी सहा वर्षांची होती तेव्हापासून."

तिनं मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. "म्हणजे ते गुरुवार..."

"मुद्दाम," मी म्हणाले.

मग तिनं सांगितलं. नोकरीला लागली तेव्हा तिची आई रोज संध्याकाळी विचारायची, आज कुणाच्या डब्यातलं खाल्लंस, ती कुठली, आडनाव काय. त्या दिवशी झाकण समोर आलं तेव्हा मेधाच्या कानात तो प्रश्न होता. पुढे ती घरी बिनधास्त खोटं सांगायला शिकली आणि माझं सगळं खायला लागली, पण पहिलं खोटं माझ्याशी बोलून बसली होती. "आईवर ढकलत नाहीये मी," ती म्हणाली. "हात माझाच होता. मी तुझा अपमान केला गं."

जाऊ दे, हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. आपल्याला सवयच असते ना, जाऊ दे म्हणायची. मी म्हटलं नाही. "केलास," मी म्हणाले. "आणि मला तो दर गुरुवारी आठवायचा." तिनं मान हलवली, डोळे पुसले. मग काय झालं कोण जाणे, गुरुवार हा शब्द आठवून ती हसायला लागली आणि मीही. दोघींनी मिळून तो वाडगा पावानं पुसून लख्ख केला आणि दुसरा मागवला. गौरी आली तेव्हा, माझ्यासाठी काही ठेवलंत की नाही, असं तिला विचारावं लागलं.

त्यानंतर वर्षभर मेधा दर गुरुवारी माझ्याकडे बोरीवलीला जेवायला यायची. एका परातीत वाढून घ्यायचं आणि समोरासमोर बसायचं. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही, गरजच राहिली नव्हती. जाताना मी तिला डबा भरून द्यायची, आणि भांडं रिकामं परत करायचं नसतं म्हणून पुढच्या गुरुवारी त्यात काहीतरी घालून ती आणायची. शेवटच्या गुरुवारी मात्र डब्याऐवजी तिनं आतून कल्हई केलेल्या एका जड पितळी वाटीत लिंबाचं गोड लोणचं आणलं. वाटी माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाली, "ही परत देऊ नकोस. तुझ्याकडेच राहू दे." जुन्या भांड्यांचा पसारा कमी करत असेल, असं मला वाटलं. त्यानंतर पाच दिवसांनी ती गेली.

लोणचं संपल्यावर वाटी चिंचेनं घासली तेव्हा कडेवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव वर आलं. ते तिच्या आईचं होतं. मी ती पुसून आमच्या भांड्यांमध्ये ठेवली आणि दुपारी तिच्यात आमटी वाढून घ्यायला गेले. त्या दिवशी पळी हातात घेऊन मी जरा वेळ उभी राहिले होते. आता नाही राहत. रोज वाढून घेते आणि जेवते.